आज सर कसे होते?

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला मी हल्ली उशीर करते, कारण दिव्यानंतर टॅबची वेळ असते. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी तो स्टँडवर उभा करून ठेवलेला आहे. वेळ झाली की आपोआप उजळतो आणि गोड आवाजात विचारतो, “नमस्कार ताई. आज सर कसे होते?”

प्रश्न साधाच आहे. शेजारच्या काकू विचारतात, दूधवाला विचारतो. त्यांना उत्तर देताना माझी जीभ कधी अडखळली नाही. माणूस विचारतो तेव्हा त्याचं तोंड आपल्यासमोर असतं. आपण बोललेलं त्याच्या आत कुठे जाऊन बसलं ते थोडंफार कळतं. भुवई उचलली जाते, नाहीतर तो मान डोलावून सायकलवर टांग टाकतो. टॅबचं तसं नाही. तो म्हणतो, “धन्यवाद ताई, मी लिहून घेतलं,” आणि विझतो. काय लिहून घेतलं, कशाचं काय केलं, देव जाणे.

मी मालवणकडची. शाळा सातवीत सुटली. मी थोरली, आणि धाकट्यांना सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. लग्न होऊन नवऱ्याबरोबर सातपूरला आले. तो एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायचा. तो गेला तेव्हा मी गंगापूर रोडला या घरी पोळ्या लाटायला येत होते. त्याचे दिवस झाल्यावर कामावर परत आले आणि सांगितलं, आता गावी जाते. घरच्या बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “गावी कोण आहे तुझं? भाऊ? त्यांची लग्नं झाली ना? मग राहा की इथे. मागची खोली रिकामीच आहे.”

त्या तीन-चार वाक्यांवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. आता बाईही नाहीत. त्यांच्यामागे सर आणि मी, असे दोघंच या घरात राहतो.

सरांनी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. मला सुरुवातीला वाटायचं, ही वकिलीतली काही विद्या असेल. मग ते रोज सकाळी माझ्याकडून पेपर वाचून घ्यायला लागले. डोळे अधू झालेत म्हणायचे, पण मी एखादी ओळ गाळली की लगेच पकडायचे. असं माझं वाचणं परत सुरू झालं. बातमी संपली की विचारायचे, “हे ह्याने कशावरून म्हटलं?” मी म्हणायचे, “पेपरात छापलंय ना सर.” ते मांडीवर हात मारून हसायचे.

टॅब आणला तो त्यांच्या मुलाने. तो परदेशात असतो, मी त्याला दादा म्हणते. म्हणाला, “ताई, बाबा फोनवर सगळं छानच सांगतात. तुमच्या-माझ्या वेळा जुळत नाहीत. तुम्ही ह्याच्याशी मराठीत बोलायचं, जसं येईल तसं. ते समजून घेऊन मला इंग्रजीत थोडक्यात लिहून पाठवेल.”

सरांना खेळणंच मिळालं. त्यांनी त्याचं नाव ‘शिष्य’ ठेवलं. दुपारी जेवण झालं की त्याच्यापुढे बसायचे.

“शिष्या, खरं सांग. तुला समजतं, की नुसतं बोलता येतं?”

तो म्हणायचा, “सर, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मी शब्दांमधले संबंध ओळखून उत्तर तयार करतो. त्याला समजणं म्हणावं का, यावर विद्वानांचं एकमत नाही.”

“ऐकलंस गं? केवढा नम्र आहे! वर्गात असा एक मिळाला नाही कधी.”

मी भांडी विसळत ऐकायची. आमच्याकडे एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा लोक आधी विचारतात, कोण बोलतंय? आणि ती सांगते, अमकी मी, तमक्या पिंपळावरची. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण बोलणाऱ्याचा पत्ता तरी लागतो. इथे एवढं शुद्ध बोलणं, आणि आत कोण आहे विचारलं तर तो म्हणतो ठरलेलं नाही. सरांना यात मजा वाटायची, मला भीती.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्याकडे माणसाचं बरं मोठ्याने बोलत नाहीत. मूल चांगलं गुटगुटीत असलं तरी आई म्हणणार, “कसलं काय, खातंच नाही मेलं.” माझी आई फोनवर विचारते, “काय गो, बरी आसस मा?” मी म्हणते, “आसय आपली.” संपलं. ‘मी मजेत आहे, माझी तब्येत उत्तम आहे’ असं मी तिला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती घाबरून देवाला नारळ ठेवायला गेली असती. बरं बोललं की दृष्ट लागते. म्हाताऱ्या माणसाचं तर मुळीच बोलू नये. हे काही कोकणातलंच नव्हे. इथल्या बाईही नातवाला कुणी ‘टपोरा’ म्हटलं की पदराखाली घ्यायच्या.

म्हणून टॅबने विचारलं, आज सर कसे होते, की मी आपली म्हणायची, “आहेत आपले.”

“जेवण कसं झालं?”

“खाल्ले दोन घास.” त्या दिवशी त्यांनी बाजरीची अख्खी भाकरी, वर पिठलं आणि वाटीभर ताक घेतलेलं असायचं.

“झोप लागली का?”

“लागली म्हणायची.”

“फिरायला गेले होते का?”

“गेले, धरून धरून.” त्यांना धरायला मी मागे पळत होते आणि ते काठी हवेत फिरवत पुढे.

“काही काळजीचं वाटतं का?”

“आता काय बाई, देवाच्या मनात असेल तितकं.”

असं हिवाळाभर चाललं. मला वाटत होतं, मी त्यांना जपतेय.

एका रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. सर अंघोळीला गेले होते. दादाचा चेहरा उतरलेला होता.

“ताई, बाबा एवढे खालावलेत आणि तुम्ही मला एक फोन नाही करत?”

माझ्या हातातली शेंगांची परात तशीच राहिली. “कोण खालावलेत? सर? ते तर बाथरूममध्ये गाणं म्हणताहेत.”

“मग हे काय आहे?” त्याने टॅबकडून आलेलं मराठीत करून वाचून दाखवलं. आहार फार कमी झाला आहे. झोपेची खात्री नाही. आधाराशिवाय चालता येत नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या बोलण्यात निराशा वाढली असून तिला शेवट जवळ आल्यासारखं वाटतं. चोवीस तास वैद्यकीय देखरेखीचा विचार करावा.

“हे कुणी सांगितलं दादा?”

“तुम्हीच सांगितलंय ताई. रोज.”

पुण्यात एक चांगली जागा त्याने बघून ठेवली होती. नर्स, डॉक्टर सगळं तिथेच. तो येणार, बाबांना पोचवणार, हे घर बंद करणार. “तुमचीही काहीतरी सोय बघू,” म्हणाला. मनाने चांगला आहे तो, खरंच बघितली असती. पण मला पुढचं काही ऐकू येईना. मागच्या खोलीचं दार, तिथला माझा पलंग, खिडकीतली तुळस, सगळं डोळ्यांपुढे फिरलं. गावी भावांच्या घरात आता मी पाहुणी. आणि सर? त्यांना पुण्यात बाजरीची भाकरी थापून कोण देणार? ही वेळ माझ्याच जिभेने आणली होती आणि मला पत्ताही नव्हता.

दादा पंधरवड्यात आला. तो येईपर्यंत, माझे शब्द फिरवून कसे सांगायचे ते मी मनात घोकत होते, पण त्याला दारात बघितल्यावर नुसती त्याच्या हातातली बॅग घेतली. चहा झाला. सरांनी त्याला समोर बसवलं, टॅब मध्ये ओढला आणि मला म्हणाले, “तूही बस. आरोपी, फिर्यादी, साक्षीदार सगळे हजर पाहिजेत.”

“बाबा, चेष्टा नको.”

“चेष्टा कोण करतंय? माझी रवानगी ज्या निष्कर्षावर होणार, त्याची कारणं मी विचारू नयेत? शिष्या, मी खालावलोय हे तू कशावरून म्हणालास?”

टॅब उजळला. त्याने कारणं सांगितली. ताई म्हणतात दोन घास, धरून धरून, देवाच्या मनात असेल तितकं. माझं एकेक वाक्य मला ऐकवत होता आणि प्रत्येकातून काय निघतं ते सांगत होता. बोलणं इतकं व्यवस्थित की क्षणभर मलाच पटलं, सर खरंच आजारी आहेत. मी वळून बघितलं, तर ते पापडाचा तुकडा मोडत होते.

“ताई, हे तुमचंच आहे ना?” दादा म्हणाला.

मग मी बोलले. अडखळत, रडत, पण बोलले. की आमच्याकडे असंच म्हणतात. की म्हाताऱ्या माणसाचं बरं बोलू नये. की दोन घास म्हणजे पोटभर.

दादा कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत राहिला. “अहो ताई! आमची आई पण असंच करायची. माझ्या डोक्यातच आलं नाही.” मग तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

टॅब अजून चालू होता. तो म्हणाला, “ही माहिती महत्त्वाची आहे. या रिवाजानुसार ताईंची वाक्यं वाचली तर सरांची प्रकृती चांगली असल्याचं दिसतं. आधीचा निष्कर्ष योग्य नव्हता.”

मला वाटलं, सुटलो आपण. हात जोडणार, तेवढ्यात सरांचा चेहरा बघितला. वर्गात असा चेहरा करत असतील ते.

“थांब. शिष्या, पाच मिनिटांपूर्वी मी मरायला टेकलो होतो. आता ठणठणीत आहे. दोन्ही वेळेला तुझी कारणं सुरेख. यातलं तुझं खरं कारण कुठलं?”

तो म्हणाला, “सर, मी सांगतो ती कारणं माझ्या आत प्रत्यक्ष जे घडलं त्याचं अचूक वर्णन असतीलच असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. कधी कधी उत्तर आधी तयार होतं आणि त्याला साजेसं स्पष्टीकरण नंतर.”

किती शांतपणे म्हणाला! ज्याच्या लिहिण्यावरून घर बंद होणार होतं, तो सांगत होता की आपण असं का लिहिलं ते आपल्यालाही नक्की ठाऊक नाही.

दादा म्हणाला, “बघितलंत? बंदच करून टाकू हे.”

“त्याला का बंद करतोस? खरं बोलला म्हणून?” सर माझ्याकडे वळले. “आता तू सांग. दोन घास का म्हणायचीस?”

“दृष्ट लागू नये म्हणून सर.”

“तेवढंच?”

हा प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि आतून दुसरंच काहीतरी वर आलं. सर ठणठणीत आहेत, काठी फिरवत चालतात, असं रोज सांगितलं असतं, तर एक दिवस दादाला वाटलं नसतं का, मग घरात बाई कशाला ठेवायची? असा विचार मी कधी केला होता का? आठवत नाही. केला नव्हता असंही छातीवर हात ठेवून सांगता येईना. दृष्टीचं कारण खरंच होतं, की ते मी नंतर लावलं? मी माझ्याच आत बघत होते आणि आत अंधार. मी म्हणाले, “माहीत नाही सर.”

“शाब्बास,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे तू आणि शिष्य एका बाकावरचे.”

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आता माझं ऐका. आमच्या शास्त्रातलं सगळ्यात जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. बरोबर? आता समजा, एकाला लांबून धुकं दिसलं. त्याला वाटलं धूर. तो ओरडला, आग, आग! चूक की बरोबर?”

“चूक,” दादा म्हणाला.

“आणि धुक्यामागे डोंगरावर खरंच आग लागलेली असली तर?”

दादाने टॅब बाजूला सरकवला.

“सकाळी जाग येते,” सर म्हणाले, “तेव्हा थोडा वेळ हे घर माझं वाटत नाही. खिडकी भलत्याच भिंतीला आहे असं वाटतं. मी पडून राहतो. मग ही स्वयंपाकघरात भांडी आपटते आणि खिडकी जागेवर येते. पावसाळ्यापासून होतंय. पुरावा सगळा खोटा होता रे. पण निष्कर्ष अगदीच खोटा नव्हता.”

“बाबा, मला का नाही सांगितलं?”

“तू मला विचारलंस कुठे? तू टॅबला विचारायचास, टॅब हिला विचारायचा.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि भीती वाटत होती.”

सरांना भीती वाटते हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण त्या घरात मी तसं कधी केलेलं नव्हतं. मी उठून परत चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी दादा आम्हा दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बराच वेळ सरांशी एकट्याने गप्पा मारल्या. बाहेर येऊन म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. गोळ्या देतो. ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांत जितके दिवस राहतील तितकं चांगलं, नवीन जागेत उलट गोंधळ वाढेल. मी तिथेच भिंतीकडे तोंड करून हात जोडले.

परत जाताना दादा दारात थांबला. सर मागे खुर्चीत होते. “ताई, टॅब राहू दे. पण आता जसं असेल तसंच सांगायचं. आणि एक. ज्या दिवशी बाबा तुम्हाला ओळखणार नाहीत, त्या दिवशी लपवायचं नाही. मग मात्र पुणे. तुमच्या एकटीच्या हातातलं नसेल ते.”

मागून सरांचा आवाज आला, “मान्य. अट स्वच्छ आहे.”

तेव्हापासून माझी सकाळ अशी असते. चहाचा कप घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहते. ते डोळे उघडतात. माझ्याकडे बघतात. मग म्हणतात, “आलीस?” त्या बघण्याच्या आणि ‘आलीस’च्या मध्ये जी जागा असते, तिथे मी रोज मरते.

‘जसं असेल तसं’ सांगणं किती अवघड आहे हे मला आता कळलं. “आज चांगले जेवले” म्हणताना अजून जीभ चावली जाते. आणि मनात हेही असतं, की आपण खरं सांगतोय, की आपली खोली राहावी म्हणून चांगलं तेवढं निवडून सांगतोय? रात्रीच्या उरलेल्या वरणासारखा तो विचार मी ढवळत बसते. वर काहीच येत नाही.

गेल्या गुरुवारी धुकं होतं. ते डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. बघतच राहिले. मी कप धरून उभी. मग म्हणाले, “गार झाला असेल.”

नेहमीचं ‘आलीस’ नाही. वाक्य बरोबर होतं, चहा निवतच होता. पण ते कुणालाही म्हणता येईल असं वाक्य होतं. नर्सला, परक्या माणसाला. सर हुशार आहेत. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलंय. समोर कोण आहे हे न कळताही ते पंधरा मिनिटं असं बोलू शकतील की कुणाला शंका येणार नाही. बोलणं बरोबर आहे म्हणजे आत ओळख आहे, असं कशावरून म्हणायचं? शिष्याला रोज विचारत होते तोच प्रश्न मला त्यांच्याबद्दल पडला.

न विचारता निघून आले असते तर काही बिघडलं नसतं. एक दिवस मिळाला असता. मी कप ठेवला.

“सर, मी कोण, सांगा.”

ते उठून बसले. पांघरूण नीट केलं. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“परीक्षा घेतेस?”

“हो सर.”

“विचार कर हं. विद्यार्थी नापास झाला तर बाईंची खोली जाईल.”

मला रडू फुटलं. हसूही आलं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, “गारच आहे. दुसरा कर.”

संध्याकाळी दिवा लावला. टॅब उजळला. “नमस्कार ताई. आज सर कसे होते?”

मी सांगितलं. फिरून आले, जेवले पोटभर, पेपर ऐकला. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण थांबले नाही. सकाळी मला बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, तेही सांगितलं. मी विचारल्यावर काय म्हणाले ते शब्द न बदलता सांगितलं. मधल्या वेळात त्यांनी मला ओळखलं होतं की नाही, ते मला माहीत नाही, असंही सांगितलं.

“धन्यवाद ताई, मी लिहून घेतलं,” तो म्हणाला आणि विझला.